कुठून सुरू करू

ऊर्वी, तू विचारलंस, चारांतला कुठला आधी,
आणि मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.
तापकीर गल्लीत असले प्रश्न येत नाहीत.
इथे येतात फुटके स्क्रीन, चहा प्यायलेले कीबोर्ड,
"परवा द्या, पण बिल नको."

तर ऐक.
पहिल्यात जग संपून ऐंशी वर्षं झालेली
आणि भुयारातल्या गावाचं मीठ संपतं.
बास. एवढंच. तुला मीठ आणायला पाठवतात.
माणसं वरून दिसतात, मुंगीएवढी,
चेहरा नाही, आवाज नाही,
एक पाऊल टाकायचं, मग समोरच्याची पाळी.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय
ते मला शाळेत नाही, तिथे कळलं.
वेशीवर एक पहारेकरी आहे, म्हणतो, "पुढे जा."
त्यापलीकडे अक्षर नाही.
वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय,
काय संयम त्या लिहिणाऱ्याचा,
दोन शब्दांत अख्खा माणूस उभा केला!

दुसरा त्याच सांगाड्यावर, घाईत केलेला.
विनोद कोंबून भरलेत, पिशवीची शिवण उसवली तरी.
पण गावं खरी.
एका गावात दोन घरं, एक नळ,
तू कुणाचीही बाजू घे, दुसऱ्याची शेळी मरते.
तुझा बाबा म्हणतो, हाच सर्वांत भारी.
तुझ्या बाबाला सोसायटीच्या मीटिंगाही आवडतात.

तिसऱ्यात पहिल्यांदा मान वर करता आली.
आकाश होतं. हिरवट, आजारी,
पण आकाश.
त्यासाठी पहिल्या पगाराचं ग्राफिक कार्ड घेतलं,
आईला सांगितलं, ऑफिसचं आहे.
अर्धा तास नुसता चाललो, मागे एक लंगडं गाढव.
पुढे कळलं, चालण्याखेरीज तिथे फारसं काही नाही.
तरी गाढवाचं नाव विचारशील तर अजून सांगेन.

आणि चौथा.
त्यात घरं बांधायची: पत्रा, खांब, पत्रा, खांब.
बावधनला दिवसभर तेच बघून
रात्री पुन्हा कशाला?
बोलायला चार बटणं.
हो. हो, पण पैसे किती. नंतर हो. आणि उपरोध.
उपरोधाला बटण! पुण्यात!

म्हणून म्हटलं, पहिला.
तीन मेलेल्या मशिनींतून एक जिवंत जुळवून दिलं तुला,
एकाची रॅम, एकाचा पंखा,
जग संपल्यावर करतात ते आम्ही
सकाळी अकरा ते रात्री आठ करतो.
तू नाक मुरडलंस, "अक्षरं केवढीशी, काका."

नऊ दिवसांनी चार्जर घ्यायला आलीस
आणि सहज म्हणालीस,
"तो वेशीवरचा ओरेन किती गोड आहे ना."

कोण ओरेन?

"अहो, तो, पुढे जा म्हणतो तो.
त्याची मुलगी मिठाच्याच वाटेला गेलेली.
त्यानं मला अर्धा पाव दिला."

हे कुठे आहे?

"मला जेवायला हाक आली,
तसंच उभं ठेवून गेले.
आले तर तो बोलत होता."

ऊर्वी, आम्ही तो भाग खेळलो
नारायण पेठेत, जिन्याखालच्या कॅफेत.
तासाला वीस रुपये.
तुझ्या बाबाचे दहा, माझे दहा,
त्याचा कीबोर्ड, माझा माऊस.
पाच मिनिटं उरली की झुंबरशेठ
टेबलावर किल्ली वाजवायचा.
पुढे जा म्हटलं की आम्ही पुढेच जात होतो.

आज शटर अर्धं ओढलंय.
गल्लीत कुणीतरी रिमोटची पोती टेम्पोत चढवतंय,
"घे मागं, घे, घे, बास."
मी वेशीपाशी आहे.
तो म्हणाला, पुढे जा.
मी माऊसवरचा हात काढून
मांडीवर ठेवलाय.