बोडी आटते तेव्हा

रक्तदानाच्या शिबिरात मिळालेला स्टीलचा डबा
देवांगना अजून वापरते, मिरच्यांसाठी.
रक्त मात्र त्यांनी ठेवलं नाही.
बारा दिवसांनी फोन आला :
शालिक दिघोरे का? एकदा येऊन जा.
एकटेच या.

साकोलीचा डॉक्टर म्हणाला, बी आहे.
आमच्यात बी म्हणजे मासोळीचं,
हंड्यात आणायचं, बोडीत सोडायचं, वाढायची वाट पाहायची.
तो म्हणाला, कावीळ. बी प्रकारची.
पण डोळे तर पांढरे आहेत माझे.
ही दिसत नाही, म्हणाला. राहते.
बहुधा जन्मताच आली असेल, आईकडून.

आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
लुगडी वाटली, तोरड्या बहिणीकडे गेल्या,
मला वाटलं होतं, माझ्या वाट्याला काही आलंच नाही.

गोळी? सध्या नको.
दर सहा महिन्यांनी रक्त, पोटाची सोनोग्राफी.
दारू बंद.
मोहाची पण?
मोहाची पण, म्हणाला. हसला नाही.

वैशाखात आमची बोडी आटते.
भेगा पडतात, पोरं त्यात क्रिकेट खेळतात.
पण आटली म्हणून रिकामी झाली
असं धिवराच्या घरी कुणी म्हणत नाही.
हातभर खाली, ओल्या गाळात, मांगूर असतो,
काही न खाता, काही न मागता.
डॉक्टर कागदावर काळीज काढून समजावत होता,
आणि मला केव्हाच समजलं होतं.

पहिल्या रात्री देवांगनानं माझं ताट वेगळं केलं.
काही बोलली नाही, मीही जेवलो.
चौथ्या दिवशी पुस्तोडे सिस्टर घरी आल्या, ओसरीवर बसल्या,
माझ्याच ताटात पोहे घेऊन खाल्ले.
वस्तरा वेगळा ठेवा, ब्रश वेगळा ठेवा, म्हणाल्या, माणूस नको.
मग तिला आणि दोन्ही पोरींना तीन-तीन सुया.
धाकटी तिसऱ्या सुईला रडली नाही,
माझ्याकडे पाहत राहिली.

काकानं पालांदूरच्या वैद्याची मुळी आणली होती.
ती मी काकासमोर कपाळाला लावली
आणि मागच्या दारी पुरली.
बुरशीचे शेंगदाणेही तिथेच.

आता पहाटे जाळं काढून झालं की
पाळीवरून चालतो, आंब्यापासून सांडव्यापर्यंत, चार फेऱ्या.
सुरुवातीला लोक विचारत, का हरपला बा?
पोट, म्हणायचो.
राइस मिलच्या काट्यावर महिन्यातून एकदा उभा राहतो,
हमाल धानाचं पोतं उतरवून मला जागा देतो.
अकरा किलो गेले. कुठे गेले, काट्याला माहीत नाही.

सगळंच जमतं असं नाही.
शिंगाड्याच्या दिवसांत रात्री राखण असते,
झोप होत नाही, दुसऱ्या दिवशी बायकोवर ओरडतो.
आणि मंडईच्या रात्री,
दंडार रंगात आलेली, केवळराम खिशातून बाटली काढतो,
तेव्हा तो वास, उन्हात वाळत घातलेल्या फुलांचा,
नाकातून सरळ लहानपणात जातो.
आई पहाटे टोपली घेऊन निघायची, मी तिच्या मागे.
मी काळा चहा मागवतो.
केवळराम म्हणतो, एक घोट घे, तुले का होते?
मला काहीच होत नाही, हेच तर अवघड आहे.
दुखत असतं तर सोडणं सोपं गेलं असतं.

किती दिवस हे असं?
पुढच्या रक्तापर्यंत.
आणि मग?
चहा निवत होता. मी पिऊन टाकला.

या वैशाखात पोरींना घेऊन बोडीत उतरलो.
गाळात हात कोपरापर्यंत घातला
आणि बोटांना तो लागला, गुळगुळीत, जिवंत.
धाकटी म्हणाली, काढा ना बाबा.
असू दे म्हटलं, झोपला आहे.
हात बाहेर काढला, धुवायला पाणी नव्हतं,
तसाच, गाळाचा, उन्हात वाळू दिला.