चवळीच्या दाण्याएवढं

केटाच्या खाजणावरून मीठ वेचणाऱ्या बायका परतल्या
की माझ्या औषधाच्या दुकानातली गर्दी ओसरते.
सित्सोफे नेमकी तेव्हा यायची,
शटर अर्धं खाली असताना,
डोक्याचा रुमाल भुवयांपर्यंत ओढून.
वय सोळा. मागणं एकच:
लोमेच्या बाजारातली ती पिवळी ट्यूब,
आठवड्यात चेहरा उजळ करणारी.

ती मी ठेवत नाही.
का, ते माझ्या गालांना विचार, म्हटलं,
आणि चष्मा काढून दिव्याखाली वाकले.
पंचवीस वर्षं झाली,
कातडी अजून ओल्या कागदासारखी.

तिने बराच वेळ पाहिलं.
मग रुमाल सोडला.

गाल जवळजवळ साफ. सगळं कपाळावर,
केसांच्या कडेकडेने थेट कानशिलापर्यंत
बारीक टणक दाणे,
कुणी काठ शिवल्यासारखे.
किती वेळा धुतेस?
सहा. कधी सात. काथ्याने घासून.

अगं, हा मळ नव्हे.
मळ असता तर केव्हाच जिंकली असतीस.
केसाच्या मुळाशी तेलाची इवली विहीर असते,
तिच्या तोंडाशी मेलेली कातडी साचते,
झाकण बसतं, तेल तुंबतं,
आत जंतू सुखाने नांदतात.
आज आरशात दिसतंय
ते महिन्यापूर्वीच सुरू झालं होतं, गुपचूप.

केसांना काय लावतेस?
मी नाही, आई लावते. रोज रात्री.
खोबरेल, वर शिया लोणी,
आणि उरलेलं कपाळाला पुसते...
इथे ती थांबली.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईकडे गेले,
ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्ताने.
मावुएनाच्या तोंडात टाचण्या होत्या,
त्यामुळे तिला लगेच बोलता आलं नाही. बरं झालं.
एकेक टाचणी काढून तिने उशीत खोचली.
"म्हणजे माझ्याच हातांनी?"
मी काही उत्तर जुळवून ठेवलं होतं,
ते आठवेना.
म्हटलं, हात दोन बोटं आधी थांबव, इतकंच.

रात्री हे मलम, चवळीच्या दाण्याएवढं,
सबंध कपाळाला, एकेका फोडाला नव्हे.
नखं लावायची नाहीत.
उन्हात डाग गडद होतात, टोपी घाल.
पहिले तीन आठवडे मला शिव्या देशील.

दिल्या. झोंबलं, सोलवटलं,
होतं त्याहून जास्त उठलं.
पाचव्या आठवड्यात ती फिरकलीच नाही.
तिच्याऐवजी मावुएना आली,
काउंटरवर निळीचा उशीचा अभ्रा आपटला:
मधोमध नारिंगी-पांढरे धब्बे, रंग उडालेले.
"हेही तुझंच औषध?"
सांगायचं राहूनच गेलं होतं.
मी जीभ चावली, आणि ती इतकी हसली
की बाहेरचा टायरवाला डोकावून गेला.
पांढरा अभ्रा तिने आधीच शिवला होता.
"लावते मुकाट्याने," जाता जाता म्हणाली.
"मी वेणी घालते तेव्हा मनगट
कपाळाशी आडवं धरते, बांधासारखं."

चौथ्या महिन्यात, भर दुपारी, सित्सोफे आली.
रुमाल नव्हता. दाणे गेलेले,
तपकिरी ठिपके मात्र होते, अजून वर्षभर तरी राहतील.
मी सवयीने मलमाच्या कप्प्याकडे वळले.
"ते नको," म्हणाली,
"टॉर्चचे दोन सेल द्या.
आणि लवकर, खाली होडी थांबलीय."