साका

चाळीस वर्षं मी रस निवळला तो तापवून.
चुन्याचं दूध, गंधकाचा धूर,
एकशेतीन अंशांवर उकळी,
मग क्लॅरिफायरच्या पोटात गाळ बसायचा
आणि वरून निघायचा पिवळा, चकचकीत रस.
गारठ्यानंही काही निवळतं
हे कारखान्यात कुणी बोललंच नव्हतं.

आता भिलवडीत, मागच्या पडवीत,
इलाही मुजावरच्या बंद पडलेल्या
गारेगारच्या धंद्यातला फ्रीझर आहे.
त्यात वीस लिटरचा काचेचा बुधला:
जवाचा काढा, हॉप्सची कडू फुलं,
पंधरा दिवस बुडबुडून गप्प झालेला.
रंग पुरातल्या कृष्णेचा.

इलाही स्वतः थेंब घेत नाही.
पण काटा त्यानंच लावला.
“दोनच्या खाली नगा जाऊ सायेब,
गोठलं तर बाटलीत काय भरतायसा, गारेगार?”
रात्री लाईट गेली तेव्हा दोन वाकळा घेऊन आला,
बाळंतिणीवर घालाव्यात तशा
फ्रीझरवर घातल्या, कडा खोचल्या.

पहिल्या दिवशी बुधल्यामागं पेपर धरला,
बाटल्या ज्यात गुंडाळून आल्या तोच.
नुसता राखाडी.
दुसऱ्या दिवशी मथळा दिसला, ऊसदराचा.
तिसऱ्या दिवशी इलाहीनं बॅटरी मारली
आणि बारीक टाईपही लागला वाचता:
आनंदा ज्ञानू बोंद्रे.
रक्षाविसर्जन रविवारी, सकाळी नऊ.

तारीख बघितली. एकवीस दिवस झालेले.

अकरा सीझन एका पाळीला होतो आम्ही.
मग ती चौकशी, आणि कागदावर त्याची सही.
त्यानंतर तो समोरून दिसला
की मी सायकल वळवायचो.
रस्ता एवढासा, तरी वळवायचो.

नळी सोडताना हात हलला.
तळातला साका उठला धुरासारखा.
सव्वीस बाटल्या निवळशंख भरल्या,
शेवटच्या दोन गढूळ.
“ह्या वतू का?” इलाहीनं विचारलं.
राहू दे म्हटलं.

प्रत्येकीत अर्धा चमचा साखर, वर बूच.
कितीही गारठवलं तरी
आत थोडं जिवंत उरतंच,
गोड लागलं की उठतं.
फेस त्याचाच.

त्या दोन बाटल्यांवर खडूनं लिहिलं: आ. बों.
उघडेन तेव्हा हलवून,
साक्यासकट.