बेलदारपुरा हॉल्ट : मोजमाप

पत्रक चार पानी. नाव, साल, वापर, दोष.
साल दारावरच्या दगडात कोरलेलं होतं,
पण चुन्याच्या पुताईखाली
सहा आहे की आठ, कळेना.
मी ‘जुने’ लिहिलं. मग खोडलं.

रामवीरने फीत धरली, मी आकडे घेतले.
फलाट गुडघ्याइतका.
बुटक्या गाडीला तेवढाच पुरायचा;
माणसं उंबरा ओलांडल्यासारखी चढत असणार.
छज्ज्याखाली दगडी तोडे, कमळकळीचे, अकरा.
बारावा कुणी नेला,
भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट डाग राहिलाय.

तिकीटखिडकी नऊ इंच बाय सात.
तिच्या खालच्या दगडात मधोमध उथळ वाटी,
पैसे सरकवून सरकवून झालेली.
अंगठा ठेवला तर नेमका बसला.
हे नकाशात कुठल्या रेघेने दाखवायचं
ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मग दाराचे खांब. डावा सात फूट दोन.
उजवा सहा फूट अकरा.
‘दीदी, फिर से नापो,’ रामवीर म्हणाला.
परत मोजले. तेच.

सांधेवाले धायबर सायकल टेकवून बघत होते.
निवृत्त. गाडी बंद झाली तरी वेळेवर येतात.
‘खाली खडक आहे,’ ते म्हणाले
आमच्या लश्करी मराठीत, अर्धी हिंदी सावरत,
‘बेलदारांचा देव आहे तो.
साहेब म्हणाला, फोडून टाका.
मिस्त्रीने रातोरात खांबच कापला ना.
सकाळी कमान जागेवर!
साहेबाने ओळंबा लावला, पाणसळ लावली,
काय मिळणार त्याला?’

खरं असेल, नसेल.
वाकून पाहिलं, तर खांबाच्या पायाशी
तेलकट, तांबडं काहीतरी होतं.
आणि वर पाणसळीतला बुडबुडा
हलून हलून मधोमध येऊन बसला.

दोष.
तीन इंच. पाडायला तेवढं पुरतं.
मी लिहिलं : डावा सात फूट दोन.
उजवा सात फूट दोन.

रामवीरने पाहिलं, बोलला नाही.
फीत गुंडाळता गुंडाळता
रुळांच्या जागी उगवलेल्या गवतावर
त्याने ती आडवी धरली.
‘दोनच फूट? एवढ्यातून कुठवर जायचे लोक?’

‘श्योपुर,’ धायबर म्हणाले.
‘सकाळी बसलं की रात्री.’
सायकल काढली, पण लगेच निघाले नाहीत.