बारा आठवडे

कायद्याला बारापर्यंतच मोजता येतं.
एका वर्षामागे एक आठवडा,
पाच वर्षांना पाच,
बाराव्याशी पोचला की पाटी पुसून हात झटकतो.
इद्वल एकोणीस वर्षं झाली खुर्च्या मढवतोय.

वरच्या सातांचं काय करायचं,
मी सल्ल्याच्या नंबरवर विचारलं.
बाई भली होती. म्हणाली, द्यायलाच हवेत असं नाही.
मग थोडं थांबून, द्यायचेच असले तर कुणी अडवत नाही.
बँक अडवते, हे मी बोलले नाही.

कार्डिगनच्या पुलाअलीकडे आमचं दुकान,
वडिलांनी थाटलेलं.
समुद्रावरच्या हॉटेलाने यंदा खुर्च्या
कारखान्यातून तयार आणल्या, साठच्या साठ.
स्प्रिंग नाही, काथ्या नाही, घोड्याचा केस नाही,
बसलं की फुस्स करतात.
आता दोघांचा पगार निघत नाही.
एकाचा निघतो.

जातं ते पद, माणूस नव्हे,
असं पुस्तिकेत लिहिलंय.
मी ते वाक्य तीनदा मोठ्यानं वाचून पाहिलं.
पद गेलं, तर संध्याकाळी
जिना उतरणारी ती पावलं कुणाची?

निवड न्याय्य हवी, म्हणून तक्ता केला.
कसब, हजेरी, शिस्त, वेग.
इद्वल अडतीस. गेथिन, शिकाऊ पोरगा, एकवीस.
त्याचे चौदा महिने, म्हणजे नोटीस एक आठवडा.
कागद गेथिनकडे बोट दाखवून मोकळा झाला.

बैठकीला सोबती आणायची मुभा होती.
तीन माणसांच्या दुकानात सोबती आणणार कुठून?
आधी इद्वलची बैठक, सोबतीला गेथिन.
मग गेथिनची, सोबतीला इद्वल.
दोघं उठले आणि एकमेकांच्या खुर्चीत बसले.
मी मात्र दोन्ही वेळा त्याच जागी.

इद्वल खिळे ओठांत धरून काम करतो,
त्यामुळे एकोणीस वर्षांत आमचं फारसं बोलणं झालेलं नाही.
त्या दिवशी त्यानं एकेक खिळा काढून
टेबलावर ठेवला. सहा निघाले.
तक्ता चष्म्याजवळ नेऊन वाचला.
"यात एक रकाना राहिलाय, मेरेरिड," म्हणाला.
"ह्याला अजून कोपरा मुडपता येत नाही,
बटणं टाचता येत नाहीत.
तो उणेपणा तू ह्याच्या नावावर मांडलायस.
शिकवणारा कोण होता?
माझं नाव घाल. स्वतःहून जातोय म्हणून लिही.
आणि ते बारा आठवडे घरी बसवून देऊ नकोस,
इथंच दे.
बारा आठवड्यांत कोपरा येतो."

गेथिन अंगठ्यानं टेबलाची कड खरवडत होता.
मी काहीतरी म्हणणार होते.
तेवढ्यात इद्वलनं खिळे परत ओठांत घेतले.

पत्र मी रात्री टाइप केलं.
सकाळी सहीआधी
त्यानं पहिल्याच ओळीखाली पेन्सिल ओढली.
"मी सोमवारी नाही लागलो. आधीच्या गुरुवारी.
तुझा बाप म्हणाला, ही आरामखुर्ची उसवून दाखव, मग बघू.
दिवसभर उसवली.
तो दिवस त्यानं धरलाच नाही."

मुदत कधीच उलटून गेलेली.
असला दावा कुठलं न्यायालय
दारातसुद्धा उभा करणार नाही.
आणि त्या सात आठवड्यांविषयी
तो एक अक्षर बोलला नव्हता.

मी तारीख खोडली.
शेवटच्या पगाराच्या कागदावर,
न घेतलेल्या सुट्ट्यांच्या पैशांखाली,
एक ओळ वाढवली:
गुरुवार, एक.

हिशेबनीस दोनदा फोन करून विचारतोय,
हे कोणत्या सदरात टाकू.