टिचकी

नागभीडच्या पोस्टातल्या श्रावस्ती लांजेवार
रविवारी स्कूटीवर सिंदेवाहीला आल्या
आणि मोबाइलमधली यादी वाचू लागल्या:
ब्राझीलचं रोझवुड, हवाईचं कोआ,
मादागास्करचं काळंकुट्ट एबनी.
लग्नाच्या यादीत लांबच्या सोयऱ्यांची नावं घ्यावीत
तशी घेतली,
येणार नाहीत हे ठाऊक असून.

मी म्हटलं, बसा.
माझ्याकडं नाटक कंपन्यांचे ऑर्गन येतात,
दंडारीच्या ढोलक्या येतात.
गिटारी आजवर अकरा केल्या.
दोन फुटल्या, त्यातली एक माझ्याच हातून.
तेवढं सांगून ठेवलेलं बरं.

पण लाकूड मला ऐकू येतं.
फळीचं टोक चिमटीत धरायचं,
मधोमध पेरानं टिचकी द्यायची
आणि श्वास आवरून उभं राहायचं.

सागवान नुसतं हो म्हणालं,
तहसीलातल्या बाबूसारखं, मान वर न करता.
हळदू पिवळं, गोड,
बोललेलं लगेच विसरणारं.
बिजाची फळी वाजली तेव्हा बाईंनी डोळे मिटले.
त्यांचे वडील बिजाच्या पेल्यातलं
रात्रभर ठेवलेलं पाणी पीत, साखरेसाठी.
पाणी निळसर व्हायचं, साखर होती तिथंच राहिली.
"हे नको," म्हणाल्या, "चांगलं वाजते, पण नको."

शिसम त्यांनी दोनदा वाजवायला लावलं.
मी सांगितलं, याच्यासाठी
तुमच्या यादीतल्या देशांचे लोक इकडं पाहतात.
त्यांना हसू आलं. मलाही आलं,
कारण ती फळी एका मोडक्या पलंगाची होती.

वरच्या पत्र्यासाठी मात्र मी परदेशी लाकूड काढलं.
कागद कारखान्यात कुठलंसं यंत्र आलं होतं,
त्याच्या खोक्याच्या फळ्या,
भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं घेतलेल्या.
पांढऱ्या, दाट रेघांच्या.
एकीवर काळी छत्री छापलेली,
म्हणजे पावसात ठेवू नका.
त्या चार वर्षं माझ्या माळ्यावर
पावसाचा आवाज ऐकत पडल्या होत्या.

मग तेंदू.
"बिडीचा तेंदू?"
त्यांच्या आईनं बत्तीस उन्हाळे पुडे बांधले,
सत्तर पानांचा एक.
झाड असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.
पाहणार कुठून?
पान कोवळं पाहिजे म्हणून
दर वर्षी झुडपं छाटतात.
आणि काळं तर पोटात उतरतं,
तेही म्हातारपणी, तेही एखाद्याच झाडाच्या.
पानाला बालपण लागतं, काळजाला वय.
दोन्ही एका फांदीकडून मागता येत नाही.

हा ओंडका लिलावात आला होता,
कोणी बोली लावली नाही.
मधून चिरून पुस्तकासारखा उघडला
तर पुरता काळा नव्हताच.
दोन्ही पानांवरून एक फिकट पट्टा
वाकडातिकडा गेलेला,
उन्हाळ्यातली वैनगंगा जशी.
मी तो झाकायला अंगठा ठेवला.
बाईंनी अंगठा बाजूला केला.

समोरची आरा मशीन चालू होती,
काही ऐकू येईना.
आम्ही दोघं फळी धरून उभे.
मग लाइन गेली.
आरा कण्हत कण्हत थांबला
आणि त्या शांततेत त्यांनीच टिचकी मारली.

काय वाजलं ते मी सांगत नाही.
त्यांनी यादी बंद केली एवढंच.

ओंडक्याच्या तोंडावर
वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का होता.
तो मी तासला नाही.
तेवढा ठोकळा आत, बुडाशी बसेल.
भोकातून वाकून पाहणाऱ्याला दिसेल
एक पुसट आकडा, अर्धा.

"कधी होईल जी?"
"दोन उन्हाळे तरी वाळू द्या लागते."

पहिला उन्हाळा सरला.
त्यांची बदली एटापल्लीला झाली.
रेंज मिळाली की फोन करतात,
पैशाचं विचारत नाहीत, तारखेचं नाही.
मी माळ्यावर चढतो,
फोन फळीजवळ धरतो,
टिचकी देतो.

पलीकडं बराच वेळ कोणी बोलत नाही.
मग म्हणतात,
"ओलं आहे अजून."