अर्धी पट्टी

छापलंय पांढरी पाचमध्ये.
एलुनेड वाजवते काळी तीनमधून,
गेल्या ईस्टरपासून, कुणाला न सांगता.
डोळे एक वाचतात,
बोटं दुसरंच बोलतात.

पहिल्या बाकावर इद्वल.
वेल्सच्या डोंगरात चाळीस वर्षं पाटीचा दगड फोडला,
छातीत अजून तो करडा भुगा.
तिसऱ्या कडव्यातला वरचा स्वर
त्याला गाठेना,
तेव्हा तिने सगळं भजनच खाली आणलं,
जशी म्हाताऱ्या माणसासाठी
फडताळातली बरणी कुणी न बोलता
खालच्या फळीवर ठेवावी.

स्वर लागतो. त्याची मान ताठ होते.
मागे बायका कुजबुजतात:
सत्त्याहत्तरीत काय आवाज!

प्रार्थना संपते. दाराशी वारा.
तो थांबलेला, टोपी चुरगळत.
"तुझं कोपर," म्हणतो, "हल्ली
फार पुढे जातं. काळ्या पट्ट्यांवर."

ती दुसरा हातमोजा शोधत राहते,
जो हातातच आहे.

"नाताळात धुकं असतं," तो म्हणतो,
"तेव्हा अजून अर्धी उतरव.
आणि हे बघ,
आमच्या मारेडला कळू देऊ नकोस.
ती खालचे सूर गाते,
तिला वाटतंय
तिचाच गळा बसत चाललाय."